मामांची फ्लॅशगन आणि सहा सेल: बॅटरी बदलण्याचं एक पूर्ण प्रकरण

मामांचा कराडला फोटो स्टुडिओ होता. १९८४ पासून लग्नाच्या ऑर्डरी घ्यायचे आणि त्यांच्याकडे हँडलवाली मोठी फ्लॅशगन होती, कॅमेऱ्याच्या बाजूला लोखंडी पट्टीवर बसते ती. हँडलच्या पोटात बॅटरीची कॅसेट, कॅसेटमध्ये सहा निकेल-कॅडमियम सेल एकामागे एक जोडलेले, म्हणजे ७.२ व्होल्ट. मामा डिजिटलवर गेल्यावर ही फ्लॅशगन जुन्या चादरीच्या तुकड्यात गुंडाळून कपाटाच्या वरच्या फळीवर गेली ती जवळजवळ वीस वर्षं तिथेच. मागच्या वर्षी खाली उतरली कारण मामेभावाला फिल्मचं वेड लागलंय आणि बहिणीच्या लग्नात दोन रोल मामांच्याच जुन्या कॅमेऱ्यावर काढायचे असं त्याने ठरवलं होतं. मला फोन आला, दादा तू बघशील का, लग्नाला सात आठवडे आहेत.

मी इलेक्ट्रॉनिक्सवालाच आहे आणि कॅमेऱ्याच्या वस्तू दुरुस्त करायची आवड जुनी, त्यामुळे हो म्हटलं. हे सविस्तर लिहितोय कारण अशा फ्लॅशगन अजून खूप घरांत पडून आहेत, आणि त्यांची बॅटरी बदलताना लोक जी चूक करतात तीच आमच्याकडेही आधी झाली. सेलवर छापलेला एमएएचचा (मिलीअँपियर-अवर, म्हणजे सेलमध्ये एकूण किती वीज मावते त्याचा) आकडा बघून सेल घेतले. फ्लॅशसाठी तो आकडा दुय्यम आहे, आधी बघायचं ते सेल एका झटक्यात किती करंट देऊ शकतो आणि देताना त्याचं व्होल्टेज किती खाली बसतं.

मामांनी हे एका वाक्यात सांगितलं होतं, तेव्हा मी नीट ऐकलं नाही. म्हणाले, "आरं, अंतरपाट निघतो तेव्हा दिवा लागलेला पाहिजे बघ, नंतर लागून काय उपयोग." मंगलाष्टकं चालू असताना एक फोटो मारला, सावधान झालं, अक्षता पडल्या, अंतरपाट बाजूला, वधूने हार उचलला, हे सगळं दहा सेकंदांत होतं. रेडी लाइट, म्हणजे फ्लॅश पुन्हा तयार झाल्याचा दिवा, सहा सेकंदात परत लागणारी फ्लॅशगन असेल तर दोन फोटो मिळतात, वीस सेकंद घेणारी असेल तर एकच, आणि तो बहुतेक अक्षता पुसणाऱ्या पाहुण्यांचा असतो.

आता आली तेव्हाची अवस्था. कॅसेट उघडली तर सेलच्या टोकांना पांढरी भुकटी, हरभऱ्याच्या आंबेसारखी चिकट नाही, कोरडी, नखाने खरवडली की पडणारी. ही भुकटी म्हणजे सेलमधलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर झिरपून हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून झालेला क्षार. अल्कली आहे, हाताला लागली तर साबणासारखी बुळबुळीत लागते आणि डोळ्याला फार वाईट, म्हणून हातमोजे आणि चष्मा घालूनच काम केलं. मीटर लावला तर तीन सेल शून्य व्होल्ट, दोन सेल १.१ च्या आसपास, आणि एक सेल चक्क उणे दाखवत होता, उणे ०.०८. हे बघून लोक मीटरच्या वायरी उलट्या लागल्या का म्हणून तपासतात, मीही तपासल्या. पण ते खरंच असतं. सहा सेल ओळीने जोडले की सगळ्यांतून एकच करंट जातो, त्यातला कमकुवत सेल आधी संपतो आणि बाकीचे पाच त्याच्यातून जबरदस्तीने करंट ढकलत राहतात, मग तो उलटा चार्ज होतो. एकदा उलटा झालेला सेल पुन्हा भरवशाचा होत नाही.

मामांचं म्हणणं होतं की मेमरी इफेक्ट झाला असेल, म्हणजे अर्धवट उतरवून चार्ज करत राहिल्याने सेल कमी वीज धरायला लागला असेल, दोन-चार वेळा पूर्ण उतरवून चार्ज केला की येईल. स्टुडिओवाल्यांची ही जुनी समजूत, टॉर्चचा बल्ब लावून रात्रभर सेल उतरवायचे. मी त्यांना म्हटलं, मामा तुम्ही करायचात तेव्हा सेल दोन-तीन वर्षांचे होते, आता ते गळलेत. शून्य दाखवणाऱ्या सेलमध्ये बहुतेक वेळा आतून बारीक धातूचे काटे वाढून दोन्ही पट्ट्या एकमेकींना टेकलेल्या असतात, मोठ्या करंटचा झटका देऊन ते काटे जाळता येतात आणि सेल एक-दोन दिवस जिवंत दिसतो, पण मी ते करत नाही, गळलेल्या सेलवर तर मुळीच नाही.

साफसफाई. क्षार अल्कली असल्यामुळे घरचा पांढरा व्हिनेगर चालतो, कापसाच्या बोळ्यावर थोडा थोडा, फसफस थांबेपर्यंत, मग डिस्टिल्ड पाण्याने पुसून आयसोप्रोपिल अल्कोहोलने कोरडं. लिंबाचा रसही चालतो पण त्यातली साखर आणि चोथा मागे राहतो, म्हणून नाही वापरला. कॅसेटच्या पितळी पत्त्या निघाल्या छान, पण हँडलमधली एक पत्ती हिरवी पडली होती आणि तिच्यातून निघालेली वायर आतून काळी होत गेली होती. असं झालं की ती वायर सोलून चकचकीत भाग सापडेपर्यंत मागे जावं लागतं, कारण काळ्या तांब्यावर झाल (सोल्डर) बसत नाही. म्हणजे हँडल उघडणं भाग होतं.

इथे थांबून एक गोष्ट सांगतो आणि ही मी घरातल्या माणसाला सांगतो तशी सांगतोय. फ्लॅशगनच्या आत जो मोठा कॅपॅसिटर, म्हणजे फ्लॅशसाठी वीज साठवणारा भाग, असतो तो ३३० व्होल्टपर्यंत चार्ज होतो. माझ्या ह्या फ्लॅशगनमध्ये तो १००० मायक्रोफॅरडचा होता, म्हणजे पूर्ण भरल्यावर साधारण ५४ ज्यूल, आणि हा छातीतून गेला तर माणूस जाऊ शकतो. बॅटरी काढली म्हणजे आतली वीज गेली असं नाही, बंद केलेल्या फ्लॅशमध्येही व्होल्टेज बराच काळ टिकतं. पहिल्यांदा उघडलं तेव्हा वीस वर्षांनंतर शून्यच होता, पण मधल्या चाचणीनंतर पुन्हा उघडायची वेळ आली, फ्लॅश बंद, सेल काढून पाऊण तास झालेला, आणि मीटरवर २८७ व्होल्ट आले. म्हणून २.२ किलोओहमचा १० वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर दोन इन्सुलेटेड क्लिपांना लावून ठेवलाय, तो कॅपॅसिटरवर लावायचा, पंधरा-वीस सेकंद धरायचा, मग मीटरने खात्री, आणि काम संपेपर्यंत तो तसाच लावून ठेवायचा. एक हात पाठीमागे, म्हणजे झटका बसलाच तर दोन हातांमधून छातीतून जायला नको. स्क्रू ड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी पाडणारे कारागीर मी पाहिलेत, त्याने कॅपॅसिटरही खराब होतो आणि वितळलेल्या तांब्याचा कण डोळ्यात जातो. ज्याला हे जमणार नाही त्याने कॅसेटपुरतंच काम करावं आणि हँडल कारागिराकडे द्यावं, यात कमीपणा काही नाही.

वायर बदलली. पुढचा टप्पा कॅपॅसिटर जागा करणं. इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर वर्षानुवर्षं पडून राहिला की आतल्या अॅल्युमिनियमच्या पन्नीवरचा ऑक्साइडचा थर पातळ होतो आणि तो गळायला लागतो, मग सेल कितीही चांगले लावा, जेवढी वीज भरते तेवढी गळून जाते. तो थर पुन्हा वाढतो, फक्त सावकाश चार्ज करावा लागतो. मी बेंच सप्लाय (व्होल्टेज आणि करंट हवा तेवढा ठरवता येतो तो टेबलावरचा वीजपुरवठा) ६ व्होल्टवर ठेवला, करंटची मर्यादा १ अँपियर, आणि चालू केला. तो आवाज आला, बारीक टीऽऽऽ करत चढत जाणारा, आणि बाहेरच्या खोलीत बसलेले मामा उठून आत आले. काही बोलले नाहीत, उभे राहिले. रेडी लाइट लागायला पहिल्यांदा दोन मिनिटं दहा सेकंद लागली. लागल्यावर पाच मिनिटं तसाच ठेवला, मग टेस्टचं बटण दाबून फ्लॅश मारला, पुन्हा चार्ज. असं दहा-बारा वेळा केल्यावर वेळ पंचवीस सेकंदावर येऊन स्थिरावली, आणि १ अँपियरच्या मर्यादेत एवढाच वेळ अपेक्षित होता. मग सप्लाय ७.२ व्होल्ट आणि मर्यादा ५ अँपियर केली तर सहा सेकंदात दिवा. म्हणजे फ्लॅशगन ठणठणीत, आता प्रश्न फक्त सेलचा. ही चाचणी सेल विकत घेण्याआधी करावी, नाहीतर सेल नवे घालूनही वेळ लागला की दोष कुणाचा हे कळत नाही.

दरम्यान मामेभावाने उत्साहात ऑनलाइन सेल मागवून टाकले होते. डबल ए साइजचे, रिचार्जेबल, वर मोठ्या अक्षरात ३८०० एमएएच. आता निकेल-मेटल हायड्राइडच्या (निकेल-कॅडमियमच्या जागी आलेला रिचार्जेबल प्रकार) डबल ए सेलमध्ये चांगल्यात चांगल्या कंपनीचा सेल २५००-२७०० च्या आसपास जातो, एवढ्याशा डबीत ३८०० बसतच नाहीत. मी त्याला म्हटलं, पण आलेच आहेत तर लावून बघू. कॅसेटमध्ये तात्पुरते बसवले, रात्रभर चार्ज करून. पहिला फ्लॅश एकवीस सेकंदांनी तयार झाला, पंधराव्या फ्लॅशला चाळीस सेकंद, आणि विसाव्यानंतर दिवा लागलाच नाही. मामेभाऊ म्हणाला दादा फ्लॅशच गेला वाटतं. अरे नाही, सप्लायवर सहा सेकंदात लागत होता ना.

मग त्याला टेबलावर दाखवलं, आणि हा भाग कुणालाही घरी करता येतो. एक ओहमचा १० वॅटचा रेझिस्टर घ्यायचा, सेलला आधी नुसता मीटर लावून व्होल्टेज बघायचं, मग रेझिस्टर लावून दोन-तीन सेकंदांनी परत बघायचं. ऑनलाइन आलेला सेल नुसता १.३० दाखवत होता, लोड लावल्यावर १.१२. म्हणजे ०.१८ व्होल्ट आतच खाल्ले, करंट १.१२ अँपियर, भागाकार केला की सेलचा आतला रोध साधारण ०.१६ ओहम. माझ्या टॉर्चमधला चांगल्या कंपनीचा सेल १.३१ वरून १.२७ वर आला, म्हणजे ०.०३ ओहम. एका सेलला हा फरक किरकोळ वाटतो. पण सहा सेल ओळीत, आणि फ्लॅश रिकामा असताना सुरुवातीला चार अँपियर तरी मागतो. पहिल्या सेलचा हिशोब ०.१६ गुणिले सहा गुणिले चार, ३.८ व्होल्ट आतच गेले, ७.२ मधले फ्लॅशला मिळाले ३.४. दुसऱ्या सेलचा हिशोब ०.७ व्होल्ट गेले, साडेसहा मिळाले. टाकी केवढीही मोठी बांधा, खालची तोटी करंगळीएवढी असेल तर बादली भरायला वेळ लागणारच. हे त्याने वहीत लिहून घेतलं आणि नंतर आठही सेल स्वतः मोजले, आठांचे आठ आकडे वेगळे, सगळ्यात वाईट सेल ०.२४.

साधे अल्कलाइन सेलही ह्याच कारणाने फ्लॅशला थकतात. एकाचं व्होल्टेज १.५ असल्यामुळे सुरुवात बरी होते, पण आतला रोध जास्त आणि सेल उतरत गेला की तो वाढतच जातो. जुन्या निकेल-कॅडमियमची क्षमता बघा, ह्या कॅसेटवर फक्त ५०० एमएएच लिहिलंय, आजच्या पोराला हसू येईल, पण रोध इतका कमी की फ्लॅश, ड्रिल मशीन, रिमोटची खेळण्यातली गाडी, झटक्याने करंट लागणाऱ्या सगळ्या वस्तूंना ते सेल वर्षानुवर्षं पुरले.

गावातल्या एका ओळखीच्या कारागिराने वेगळा सल्ला दिला होता, १८६५० नावाच्या आकाराचे दोन लिथियम सेल टाका, विषय संपला. मी त्याच्यावर दोन दिवस विचार केला कारण व्होल्टेज खरंच जुळतं, दोन लिथियम पूर्ण चार्ज झाल्यावर ८.४ आणि सहा निकेल सेल चार्जरवरून ताजे काढले तर तेही ८.४ च्या जवळ. अडचण चार्जिंगची आहे. ह्या फ्लॅशगनला मागे चार्जरचं भोक आहे आणि जुना चार्जर ५० मिलीअँपियर देत राहतो, चौदा तास झाले तरी थांबत नाही, त्याला थांबायचं कळतच नाही. निकेलचे सेल तेवढा हळू ओव्हरचार्ज उष्णतेच्या रूपात सोडून देतात. लिथियमला ते चालत नाही, ४.२ व्होल्टच्या वर ढकलत राहिलं की सेल फुगतो आणि पेट घेऊ शकतो. आज मला माहीत आहे की तो चार्जर लावायचा नाही, पण पाच वर्षांनी दुसरं कुणी कपाटातून काढेल, भोक दिसेल, चार्जर सापडेल, आणि लावेल. म्हणून नाही म्हटलं.

शेवटी घेतले ते निकेल-मेटल हायड्राइडचेच, पण लो सेल्फ डिस्चार्ज प्रकारचे, २००० एमएएचवाले. सान्योने २००५ साली एनेलूप आणला तेव्हापासून हा प्रकार लोकांना माहीत झाला. साधा निकेल-मेटल हायड्राइड सेल महिनाभर पडला तरी बराच उतरतो, हा वर्षभरानेही बहुतेक चार्ज धरून असतो, आणि वर्षातून चार लग्नांना वापरायच्या वस्तूला तेच पाहिजे. पुण्याला कामासाठी गेलो होतो तेव्हा तपकीर गल्लीतून, तिथल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, टॅग लावलेले सेल आणले, म्हणजे ज्यांच्या दोन्ही टोकांना निकेलची पट्टी कारखान्यातूनच स्पॉट वेल्ड केलेली असते. हे महत्त्वाचं आहे, उघड्या सेलवर थेट झाल मारू नका, टोकाच्या आतलं प्लास्टिकचं सील आणि प्रेशर व्हेंट उष्णतेने खराब होतं, सेल चालतो पण वर्षभरात गळतो. आठ आणले, एक ओहमच्या रेझिस्टरवर मोजले, त्यातले सहा अगदी जवळजवळ सारखे निघाले, ०.०२८ ते ०.०३१, तेच घेतले.

जोडणी कॅसेटमध्ये तीन वर तीन खाली. पट्टीला पट्टी जोडायची, ६० वॅटचा इस्त्रीसारखा गरम सोल्डरगन, टोक स्वच्छ, दोन सेकंदात काम आटपायचं. जुन्या पॅकमध्ये दोन सेलच्या मधे एक थर्मल कट-आऊट होता, पॅक फार तापला की सर्किट तोडणारा, लोक तो फेकून देतात. मी तो तपासून पुन्हा मधोमध बसवला कारण सगळ्यात जास्त गरम मधले सेल होतात. दोन थरांच्या मधे लेदरॉइड पेपर, वीज न वाहू देणारा जाड कागद, मोटार वाइंडिंगच्या दुकानात फुटावर मिळतो, आणि टोकांना कॅप्टॉन टेप, उष्णता सहन करणारी. साधी चिकटपट्टी उष्णतेने सरकते. बंद करण्याआधी पुन्हा मीटर, ७.८१ व्होल्ट, आणि प्लस मायनस दोनदा बघितलं कारण ह्या जुन्या फ्लॅशना उलट जोडणीपासून संरक्षण नसतं, सर्किटमधला ट्रान्झिस्टर जातो आणि तो आता मिळत नाही.

निकाल सांगतो. पूर्ण पॉवरवर पहिला फ्लॅश सहा सेकंद, पन्नासावा साडेसहा, शंभरावा सात. मधे दर अर्ध्या मिनिटाला एकच फ्लॅश मारत होतो, भराभर मारले तर झेनॉन ट्यूब आणि पुढची काच तापते. एकशे साठला थांबलो कारण मामींनी जेवायला हाक मारली, सेल तेव्हाही चालू होते. जुन्या कॅसेटवर मामा साठ-सत्तर फोटो धरायचे आणि खिशात दुसरी कॅसेट ठेवायचे.

चार्जिंगचं गणित मात्र बदललं आणि ते मामांना समजावायला वेळ लागला. ५० मिलीअँपियरच्या चार्जरने ५०० चे सेल चौदा तासांत भरायचे, तोच चार्जर २००० ला छप्पन्न तास घेईल. बिघडणार काही नाही, पण अडीच दिवस कोण थांबतो. शिवाय कमी करंटवर सेल भरला हे ओळखायची खूण मिळत नाही, भरल्यावर व्होल्टेज किंचित खाली येतं त्यावरून स्मार्ट चार्जर थांबतो आणि निकेल-मेटल हायड्राइडमध्ये ती घसरण फारच बारीक असते, करंट क्षमतेच्या निम्मा तरी असला तर नीट दिसते. म्हणून कॅसेटला वेगळी वायर काढली, मॉडेल विमानवाले वापरतात तो चार्जर, सहा सेल, निकेल-मेटल हायड्राइड मोड, १ अँपियर, सव्वादोन-अडीच तासांत भरतो. शेवटी कॅसेट कोमट लागली पाहिजे, हात ठेवता येत नाही इतकी गरम झाली तर बंद करायचं.

एक गोष्ट बॅटरीची नाही पण सांगायलाच हवी. ह्या फ्लॅशगनच्या सिंक वायरवर, म्हणजे कॅमेऱ्याकडून फ्लॅशला इशारा देणाऱ्या वायरवर, मीटर लावला तर १९६ व्होल्ट आले. मामांच्या फिल्म कॅमेऱ्यात साधा मेकॅनिकल संपर्क आहे, त्याला काही होत नाही. पण जुनी फ्लॅशगन चालू झाली म्हणून हौसेने डिजिटल कॅमेऱ्याच्या वर बसवली तर कॅमेऱ्याचं सर्किट जळू शकतं. मामेभावाला सांगितलंय की डिजिटलवर वापरायचीच असेल तर एवढा व्होल्टेज झेलतो असं स्पष्ट लिहिलेला वायरलेस रिसीव्हर घे, आणि तोपर्यंत फिल्मवरच.

जुने सहा सेल झिप पिशवीत घालून वर मार्करने कॅडमियम लिहून ठेवले. कॅडमियम विषारी आहे, मूत्रपिंडावर जातं, हे घंटागाडीत टाकायचं नाही आणि भंगारवाल्यालाही द्यायचं नाही, तो फोडतो. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलीय, मी पुण्याच्या पुढच्या फेरीत ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर देऊन आलो. खर्च सगळा मिळून अडीच हजाराच्या आत, ऑनलाइन सेलचे पैसे वेगळे गेले.

लग्नात मामेभावाने दोन रोल काढले, बहात्तर फोटो. अंतरपाट निघताना मामा त्याच्या मागे उभे होते आणि दिवा लागला की हळूच "मार" म्हणायचे. हार घालतानाचे तीन फोटो आलेत, तिन्ही उजेडाला बरोबर. आता कॅसेटच्या आतल्या बाजूला पट्टी चिकटवलीय, सेल बदलल्याची तारीख, सेलचा प्रकार, १ अँपियर, लिथियम मोड लावू नये. जुना चार्जर वेगळ्या पिशवीत बांधून ठेवलाय. कॅपॅसिटर मात्र अजून जुनाच आहे, म्हणून दर दोन महिन्यांनी फ्लॅश चालू करून पाच-सहा वेळा मारायचा असं ठरलंय, ते काम मामांनी स्वतःकडे घेतलंय.